.२२३च्या रायफलीत .३०० ब्लॅकआउट: बोल्ट अडला तर ढकलू नका

तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते. "बोल्ट पुढे जातो, पण शेवटचं थोडंसं राहतं. फॉरवर्ड असिस्ट दाबला की बसतो. काय बिघडलं असेल?" बोल्ट म्हणजे काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या त्याच्या जागेत, ढकलून मागून बंद करणारा भाग, आणि फॉरवर्ड असिस्ट म्हणजे तो हाताने पुढे रेटायचं बटण. एआर-१५ ही अमेरिकेत घरोघरी दिसणारी रायफल वापरणाऱ्या बहुतेकांना हा अनुभव कधी ना कधी येतो आणि बऱ्याचदा कारणही साधंच निघतं. चेंबरमध्ये काजळी साठलेली असते, बोल्ट कोरडा पडलेला असतो, बफर स्प्रिंग थकलेली असते, नाहीतर एखादी पुंगळी चेपलेली असते. त्यामुळे उत्तरंही ठरलेली मिळतात: साफ कर, तेल घाल, स्प्रिंग बदल.

पण तुमच्याकडे .२२३ किंवा ५.५६ची (जवळपास तेच माप, फक्त लष्करी नाव) रायफल आणि .३०० ब्लॅकआउट या दुसऱ्या काडतुसाची रायफल अशी दोन्ही असतील, तर साफसफाईच्या आधी एक शंका फेडून घ्या. चेंबरमध्ये गेलेलं काडतूस भलतंच तर नाही ना? ती शंका फिटेपर्यंत फॉरवर्ड असिस्टला हात लावायचा नाही.

मी टेक्ससमध्ये राहतो आणि सुट्टीच्या दिवशी एका रेंजवर सेफ्टी ऑफिसर म्हणून उभा असतो. इथली बरीच मराठी मंडळी आता नेमबाजीकडे वळली आहेत. पहिली रायफल .२२३ची एआर-१५ घेतली जाते. मग कुणीतरी मित्र रानडुकरांच्या शिकारीला घेऊन जातो, तिथे सायलेन्सर लावलेली .३०० ब्लॅकआउट हातात पडते आणि पुढच्या दिवाळीपर्यंत घरात .३००चा अप्पर, म्हणजे रायफलीचा नळीसकट वरचा अर्धा भाग, आलेला असतो. हौस चांगली आहे, माझी काही हरकत नाही. पण ही दोन कॅलिबरं एका घरात आली की एक धोका सोबत येतो, आणि विकणारा तो सांगेलच असं नाही.

दोन्ही इतकी जुळी का?

.३०० ब्लॅकआउट मुद्दाम तशी बनवली आहे. ॲडव्हान्स्ड आर्मामेंट कॉर्पोरेशनने ती आणली आणि २०११मध्ये सामी या अमेरिकन मानक संस्थेने तिला मान्यता दिली. हेतू असा होता की ५.५६च्या रायफलीतूनच .३० कॅलिबरची जड गोळी मारता यावी, बोल्ट तोच राहावा, मॅगझिन तेच राहावं आणि त्यात पूर्ण तीस काडतुसं मावावीत. त्यासाठी ५.५६ची पुंगळी कापून आखूड केली आणि तिच्या तोंडात मोठी गोळी बसवली. पुंगळीचं बूड तेच, कड तीच, काडतुसाची कमाल लांबीही तीच, सुमारे ५७ मिलिमीटर.

म्हणजे दोन रायफलींमध्ये फरक उरतो तो फक्त नळीचा. मॅगझिन दोन्हींत बसतं, काडतूस दोन्हींत वर सरकतं, बोल्ट दोन्हींना उचलतो. चुकीचं मॅगझिन लावलं तर रायफल कुठेच कुरकुरत नाही. पहिली कुरकूर होते ती थेट चेंबरमध्ये, बोल्ट पुढे जाताना. तीसुद्धा दर वेळी होतेच असं नाही.

चेंबरच्या आत काय होतं

आकडे डोळ्यांसमोर ठेवा. ५.५६ची पुंगळी ४४.७ मिलिमीटर लांब असते, .३००ची ३४.७. गोळीची जाडी पाहा: .२२३ आणि ५.५६ची ५.७ मिलिमीटर, .३००ची ७.८. नुसत्या आकड्यांत हा फरक दोन मिलिमीटरचा वाटतो, पण काटछेदाचं क्षेत्रफळ काढलं तर .३००ची गोळी जवळजवळ दुप्पट भरते.

.३००ची आखूड पुंगळी ५.५६च्या चेंबरच्या रुंद भागात सहज मावते. तिला अडवतं ते फक्त गोळीचं नाक, कारण ते चेंबरच्या मानेत शिरू पाहतं आणि ती मान आहे सुमारे साडेसहा मिलिमीटरची. आता गोळी कशी आहे यावर सगळं ठरतं. काही हलक्या, निमुळत्या गोळ्यांचं नाक त्या मानेत बरंच आत जातं आणि बोल्ट जवळजवळ आपोआप बंद होतो. २२० ग्रेनसारख्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) लांब, जड सबसॉनिक, म्हणजे आवाजापेक्षा हळू जाणाऱ्या, गोळ्या आधीच अडतात आणि बोल्ट मागे राहतो. इथे रायफलीने तुम्हाला वाचवलेलं असतं, कारण एआर-१५चा बोल्ट पूर्ण फिरून लॉक होत नाही तोवर फायरिंग पिन प्रायमरपर्यंत, म्हणजे पुंगळीच्या बुडातल्या दारू पेटवणाऱ्या टोपीपर्यंत, पोचतच नाही. चाप ओढला तरी काही होणार नाही.

आणि नेमक्या याच क्षणी माणूस फॉरवर्ड असिस्टवर तळहात मारतो. एक-दोन ठोशांत गोळी पुंगळीच्या आत मागे ढकलली जाते, मोकळी जागा होते, बोल्ट फिरून लॉक होतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, बसलं एकदाचं. खरं तर रायफलीकडची शेवटची अडवणूक आपण हाताने काढून टाकलेली असते. वर दारूची जागा कमी झाल्याने दाब नेहमीपेक्षा चढणार, ते वेगळंच.

चाप ओढला की ७.८ मिलिमीटरच्या गोळीला ५.७च्या नळीत शिरायचं असतं. ती तोंडाशीच अडकते किंवा चेपत चेपत थोडी आत जाऊन रुतते. दारूला मात्र थांबणं माहीत नाही. या काडतुसाचा नेहमीचा कमाल दाबच ५५,००० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड) आहे. मोटारीच्या टायरमध्ये ३०-३५ असतो, त्यावरून अंदाज करा. पुढची वाट बंद झाली की दाब त्याच्याही कितीतरी वर चढतो आणि पुंगळीचं पितळी बूड हा सगळ्यात कच्चा दुवा असल्याने तिथून फुटतो. तापलेला वायू मागे आणि खाली धावतो. मॅगझिन खालून उडतं किंवा त्याचा तळ उडतो, ॲल्युमिनियमचा अप्पर फुगतो, चिरतो, बोल्टच्या पाकळ्या तुटतात, पुंगळी ओढून काढणारा आकडा, म्हणजे एक्स्ट्रॅक्टर, उडून जातो.

असा एक बोल्ट मी हातात घेऊन पाहिला आहे. बोल्टच्या तोंडावर पितळ वितळून असं पसरलं होतं की सोन्याचं पाणी दिल्यासारखं चकाकत होतं. पुंगळी कुठे संपते आणि पोलाद कुठे सुरू होतं ते नखाने चाचपूनही कळत नव्हतं. मॅगझिनच्या भिंती दोन्ही बाजूंनी बाहेर फाकल्या होत्या. डावा हात मॅगझिनवेलला, म्हणजे मॅगझिन बसतं त्या खोबणीला, धरून नेमबाजी करणाऱ्यांनी हे चित्र मनात ठेवावं. वायू तिकडूनच बाहेर पडतो.

उलट चूक तितकी घातक नाही. ५.५६चं काडतूस .३००च्या नळीत गेलं तर लांब पुंगळीचा खांदा फार आधी अडतो, बोल्ट चांगलाच उघडा राहतो आणि बार होत नाही. काडतूस अडकतं, वैताग येतो, इतकंच.

आत्ता बोल्ट अडला आहे, काय करायचं

नळी लक्ष्याकडेच ठेवा, बोट चापाबाहेर. सेफ्टी लावा. मॅगझिन काढा आणि ते बाजूला ठेवण्याआधी वरचं काडतूस बघा. नव्वद टक्के उत्तर तिथेच मिळतं. शेजारी .२२३चं एक काडतूस धरा. .३००ची पुंगळी ठेंगणी, मान अगदी खाली आणि गोळी जाडजूड दिसते. .२२३ची पुंगळी उंच, बाटलीसारखी, वर बारीक गोळी. एकटं काडतूस हातात असताना नवख्याला कळणार नाही, पण दोन्ही शेजारी धरली की पोरालाही कळेल.

मग चार्जिंग हँडल (बोल्ट मागे ओढायची मूठ) सरळ मागे ओढा. हाताच्या जोराने काडतूस निघालं तर उत्तम. ते नीट पाहा: गोळी आत ढकलली गेली आहे का, नाकावर चेंबरच्या कडेचा गोल ओरखडा आहे का? गोळी आत गेलेलं काडतूस पुन्हा वापरायचं नाही, त्याच्या हक्काच्या .३००च्या रायफलीतसुद्धा नाही. ते टाकाऊ काडतुसांच्या डब्यात जाईल.

पुंगळी बाहेर आली, पण गोळी आली नाही आणि दारू ॲक्शनमध्ये (बोल्टच्या आसपासच्या यंत्रणेत) सांडली, तर त्या दिवसाची नेमबाजी संपली. गोळी चेंबरच्या तोंडाशी रुतलेली आहे. पुढचं काडतूस घालून तिला बाहेर उडवण्याचा विचार कुणी बोलून दाखवला तर त्याला तिथेच गप्प करा. रायफल रिकामी असल्याची खात्री करा, बोल्ट काढून ठेवा आणि ती गनस्मिथकडे, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे, न्या.

हँडल हललंच नाही तर? इथे बरेच जण रायफलीचा दस्ता जमिनीवर आपटून बोल्ट सोडवतात. रिकामी पुंगळी अडकली असेल तेव्हा ती युक्ती चालते. आत जिवंत आणि बहुधा भलतं काडतूस असताना नळी चेहऱ्याच्या रेषेत ठेवून ठोकाठोकी करणं मला अजिबात मान्य नाही. पुढून क्लीनिंग रॉड घालून ठोकणं तर त्याहून वाईट, कारण तेव्हा तुमचा हात भरलेल्या नळीच्या तोंडासमोर असतो. रेंज ऑफिसरला हाक मारा. तो नसेल तर रायफल नळी सुरक्षित दिशेला करून तशीच ठेवा आणि जाणत्या माणसाला तिथे बोलवा.

काडतूस बरोबर निघालं, तर मग काजळी, तेल, स्प्रिंग वगैरे नेहमीची यादी तपासा. पण तेव्हाही मी फॉरवर्ड असिस्ट वापरायला सांगणार नाही. जे काडतूस स्वतःहून बसत नाही ते बाहेर काढून पाहावं, ही सवय कुठल्याही रायफलीसाठी चांगली.

कुठल्या लिखाणावर विश्वास ठेवायचा

"पण रायफलीवर लिहिलेलं असतं ना?" असतं, पण कुठे ते बघा. एआर-१५च्या लोअर रिसीव्हरवर (चाप असलेल्या खालच्या अर्ध्या भागावर) अनेकदा कॅलिबरच्या जागी नुसतं 'मल्टी' कोरलेलं असतं, कारण त्यावर कुठलाही अप्पर बसतो. लोअरवर ५.५६ लिहिलेलं असलं तरी वर .३००चा अप्पर असू शकतो. खरं कॅलिबर नळीवर असतं, आणि ते कधी तोंडाजवळ तर कधी हँडगार्डखाली, म्हणजे नळीभोवतीच्या आवरणाखाली, झाकलेलं असतं. ते एकदा शोधून वाचा आणि मग डस्ट कव्हरवर किंवा दस्त्यावर सहज दिसेल असं मोठ्या आकड्यात लिहून ठेवा.

पुंगळीच्या बुडावरचा शिक्का त्याहून फसवा. कारखान्यातल्या नव्या काडतुसावर तो बरोबर असतो. पण घरी काडतुसं भरणारे लोक .३००च्या पुंगळ्या सर्रास .२२३च्या जुन्या पुंगळ्या कापून बनवतात. अशा काडतुसाच्या बुडावर .२२३ रेमिंग्टन किंवा लष्करी शिक्का तसाच राहतो आणि वर मात्र .३०ची गोळी असते. रेंजवर कुणी प्रेमाने मूठभर काडतुसं दिली आणि तुम्ही फक्त बूड वाचलं, तर तुम्ही पूर्ण फसलात. म्हणून दुसऱ्याने भरलेली काडतुसं घ्यायचीच नाहीत, माणूस कितीही जवळचा असो. आणि स्वतः भरत असाल तर कापलेल्या पुंगळ्यांचा डबा वेगळा, त्यावर चिठ्ठी, आणि बाकाखाली पडलेली सुटी काडतुसं परत डब्यात टाकायची नाहीत.

पुन्हा होऊ नये म्हणून

लोक मॅगझिनना रंगीत रबर पट्ट्या लावतात, आकडे लिहितात, .३००साठी वेगळ्या रंगाची मॅगझिनं घेतात. मॅगपुल कंपनीचं तर .३००साठी खास वेगळं मॅगझिन मिळतं. हे सगळं करा. फक्त इतकं लक्षात असू द्या की ते मॅगझिनही ५.५६च्या रायफलीत बसतं. खूण डोळ्यांना मदत करते, रायफलीला अडवत नाही. आणि डुकरांची शिकार इथे बहुधा रात्री होते. अंधारात लाल पट्टी आणि काळी पट्टी सारखीच. त्यामुळे खूण बोटांना कळेल अशी हवी: जाड रबर, गाठ मारलेली दोरी, खरखरीत टेप.

माझं ठाम मत विचाराल तर दोन्ही कॅलिबरं एका दिवशी, एका गाडीत, एका बाकावर आणूच नयेत. आज .२२३, पुढच्या खेपेला .३००. लोकांना हे फार कडक वाटतं, दोन्ही रायफलींचा नेम जुळवून घ्यायचा (झिरो करायचा) असतो, वेळ नसतो. ठीक आहे. मग एक रायफल, तिची सगळी मॅगझिनं आणि काडतुसं पेटीत बंद करून गाडीत गेल्याशिवाय दुसरी बाहेर काढू नका. मित्राला रायफल मारायला दिलीत तर मॅगझिनही तुमच्याच हाताने द्या. 'त्या पिशवीतून घे' हे वाक्य अशा वेळी फार महाग पडतं.

आणि चष्मा. झेड८७.१ या अमेरिकन सुरक्षा मानकाची खूण असलेला, बाजूने झाकलेला. नंबरचा नेहमीचा चष्मा पुरत नाही. ॲक्शन फुटली तर पितळेचे बारीक तुकडे डोळ्यांकडेच येतात.

बोल्ट ॲक्शन आणि बंदुका

हे दुखणं एआर-१५पुरतं नाही. दर बाराला बोल्ट हाताने चालवायचा असतो त्या 'बोल्ट ॲक्शन' रायफलींतही ते आहे. हरणाच्या शिकारीत इथे घरोघरी दिसणारी जोडी म्हणजे .२७० विंचेस्टर आणि .३०८ विंचेस्टर. .३०८चं काडतूस आखूड, ते .२७०च्या लांब चेंबरमध्ये आरामात जातं. त्यात भर म्हणजे .२७०च्या पुंगळीची मानच बाहेरून ७.८ मिलिमीटर आहे, म्हणजे .३०८ची गोळी त्या चेंबरच्या मानेत अगदी मापाने केल्यासारखी शिरते. बोल्ट सहज बंद होतो, हाताला काहीच कळत नाही. पुढे नळी मात्र सात मिलिमीटरची. सामीने धोकादायक जोड्यांची जी यादी केली आहे त्यात ही जोडी आहे.

जुन्या जर्मन रायफलींचा घोळ वेगळा. '८ मिलिमीटर माउझर' या एकाच नावाखाली दोन मापं चालतात: जुनी सुमारे ८.१ मिलिमीटरची गोळी आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलेली ८.२ची. नव्या मापाची गोळी जुन्या नळीत जाते, पण दाब वाढवून जाते. अमेरिकन कारखाने हे काडतूस आजही मुद्दाम मवाळ भरतात, ३५,००० पीएसआयच्या मर्यादेत, ते याच भीतीने. युरोपातलं काडतूस मात्र पूर्ण ताकदीचं असतं. आजोबांच्या काळातली रायफल हाती आली तर गनस्मिथकडून नळीचं माप काढून घेतल्याशिवाय तिच्यातून बार काढू नका.

भारतात परवान्यावर बोअर (नळीचं माप) लिहिलेलं असतं आणि काडतुसं त्यावरच मिळतात, त्यामुळे रायफलींच्या बाबतीत अशी सरमिसळ कमी होते. तरी इशापूरच्या .३१५ रायफलीला बोलताना 'आठ एमएम' म्हणतात, तेवढ्यावर जाऊ नका. तिच्या काडतुसाचं मूळ ऑस्ट्रियाच्या मान्लिकर रायफलीच्या ८×५० आर काडतुसात आहे, बुडाला कड असलेल्या. माउझरच्या ५७ मिलिमीटरच्या, बिनकडेच्या काडतुसाशी त्याचा काही संबंध नाही.

गावाकडे ज्यांच्याकडे पीकसंरक्षणाच्या परवान्यावर काडतुसाची बंदूक आहे त्यांनी मात्र एक गोष्ट नक्की पाळावी. बारा बोअरच्या बंदुकीत वीस बोअरचं काडतूस (आकडा मोठा, पण जाडी कमी) गेलं तर ते चेंबरमध्ये थांबत नाही, पुढे घसरून नळीत अडकतं. चाप ओढला की नुसता 'टक' आवाज येतो. उघडून पाहिलं तर चेंबर रिकामं. माणसाला वाटतं भरायचंच राहिलं, तो बारा बोअरचं काडतूस घालतो आणि बार काढतो. नळी फुटते ती नेमकी पुढच्या हाताजवळ. अमेरिकेत वीस गेजचं, म्हणजे वीस बोअरचंच, काडतूस पिवळं ठेवतात ते यासाठीच. तुम्ही रंगावर न राहता बुडाच्या पितळेवरचा आकडा वाचा, आणि 'टक' झालं की नळी सुरक्षित दिशेला धरून किमान अर्धा मिनिट थांबा, मग बंदूक उघडून नळीतून आरपार उजेड दिसतो का ते बघा.

बार होऊन गेला आणि रायफल शाबूत दिसते

हेही होतं. आवाज दबका आला, धक्का विचित्र बसला, बोल्ट हाताने उघडावा लागला, किंवा कागदावर गोल भोकाऐवजी आडव्या पडलेल्या गोळीचं लांबट भोक दिसलं. पुंगळी बाहेर आली ती मान नसलेली, सरळ नळकांड्यासारखी, नाहीतर उभी चिरलेली. प्रायमर चपटा झालेला किंवा गळून पडलेला. यांपैकी काहीही दिसलं तर पुढचा बार काढू नका, 'एकदा बघू' म्हणूनही नाही. नळी मोकळी आहे का ते आधी पाहा, तेही बोल्ट काढून, मागच्या बाजूने.

मोकळी असली तरी रायफल गनस्मिथकडे जाऊ द्या. तो हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि चेंबरमधलं अंतर, गेजने मोजेल, बोल्टच्या पाकळ्यांना तडे आहेत का ते पाहील, त्या पाकळ्या ज्यात अडकतात तो नळीचा मागचा भाग (बॅरल एक्स्टेन्शन) तपासेल. असे तडे नुसत्या डोळ्यांना दिसतीलच असं नाही. बोल्ट स्वस्त आहे म्हणून नवा टाकून मोकळं होऊ नका, कारण नळी आणि अप्परलाही तोच मार बसलेला असतो. जाताना ती पुंगळी, मॅगझिन आणि उरलेली काडतुसं त्यांच्या पेटीसकट घेऊन जा. लॉट नंबर पेटीवर असतो, आणि चूक काडतुसाची होती की ते रायफलीत भरणाऱ्याची हे त्यावरून ठरवता येतं.